नकली कॅसेट कुणी जपायच्या?

गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर आमच्या कंपूतल्या एकाने ठाणे स्टेशनजवळ भंगाराच्या हातगाडीवरून एक गोणी सोडवून आणली. एका बंद पडलेल्या व्हिडिओ गेमच्या दुकानातली. पुढे काउंटरवर कॅसेट विकायच्या नाहीतर बदलून द्यायच्या, मागच्या पोटमाळ्याखाली दोन टीव्ही मांडून पोरांना तासावर खेळू द्यायचं, अशी दुकानं नव्वदच्या दशकात ठाण्यात गल्लोगल्ली होती. मालक वारले, मुलाला गाळा रिकामा करायचा होता, एवढीच गोष्ट. वजनाच्या भावाने घेतलेल्या त्या गोणीत चौसष्ट कॅसेट निघाल्या. पिवळ्या, काळ्या, लाल, एक चक्क आरपार दिसणारी हिरवी. आणि त्यातली एकही 'खरी' नाही. सगळा नकली माल. पाच-सहांवर तर '९९९९९९९ गेम एकात' असा आकडा छापलेला. लहानपणी हा आकडा वाचून छातीत धडधडायचं. प्रत्यक्षात सात-आठच गेम निघायचे, बाकी त्यांचीच फिरवाफिरव, हे कळायला एक उन्हाळ्याची सुट्टी जायची.

या गोणीवरून आमच्यात जे भांडण जुंपलं ते अजून मिटलेलं नाही. आम्ही दहा-बारा जण, ठाणे, मुलुंड, ऐरोलीकडचे, महिन्यातून एका रविवारी पाचपाखाडीत एकाच्या घरी जुन्या मशीनवर खेळायला जमतो. एकाचं म्हणणं पडलं की हा चोरीचा माल आहे, तो कौतुकाने मांडून ठेवणं म्हणजे चोरीचा गौरव. दुसरा जपानहून अस्सल मशीन आणि अस्सल कॅसेट घेऊन आलेला. त्याच्या मते या डबड्यांना हात लावण्यातही अर्थ नाही. तिसऱ्याने खिशातून फोन काढला आणि म्हणाला, "यातलं सगळं नेटवर फुकट पडलंय, घरात अडगळ कशाला?" चौथा गोणीची किंमत किती येईल ते शोधत होता. मग मी कळव्यापलीकडच्या एका छोट्या वाचनालयात विचारून आले, कोपऱ्यातलं एक कपाट द्याल का म्हणून. तिथले कार्यवाह अतिशय सभ्य गृहस्थ. चहा पाजला आणि म्हणाले, "ताई, पण हे पायरेटेड ना? उद्या कुणी विचारलं तर?"

हा वाद आमच्या दिवाणखान्यापुरता नाही. जगभर जुन्या गेमविषयी हाच वाद चालू आहे, आणि बहुतेक ठिकाणी असाच वाकडा चालतो. एक बाजू 'चोरी' हा शब्द उच्चारून गप्प बसते, दुसरी 'आमचं बालपण' म्हणून गहिवरते, आणि वीस वर्षांनी या वस्तूंचं काय झालेलं असेल हा साधा प्रश्न कुणी विचारत नाही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. जुने गेम जपणं हे छंदिष्टांचं खासगी काम नाही, ते ग्रंथालयांचं आणि संग्रहालयांचं काम आहे. कायद्याने त्यांना तशी परवानगी स्पष्ट शब्दांत द्यायला हवी. आणि आपल्या देशात तर नकली कॅसेट आणि नकली मशीन आधी जपायला हवीत, कारण आपला इतिहास तिथेच आहे.

'आपला' हा शब्द जरा सोडवून सांगते. निन्टेन्डोने 'फॅमिकॉम' हे मशीन जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आणलं, अमेरिकेत ते वेगळ्या डब्यात आणि वेगळ्या नावाने १९८५ मध्ये गेलं. नौपाड्यातल्या आमच्या चाळवजा इमारतीत ते आलं नव्वदच्या दशकात, वडिलांच्या बोनसमधून, आणि आलं ते त्याची हुबेहूब नक्कल होऊन. मीडिया, सामुराय, लिटल मास्टर अशी नावं तेव्हा कानावर असायची, पण घरात सगळे त्याला नुसतं 'व्हिडिओ गेम' म्हणत, जशी डाल्डा म्हणजे वनस्पती. कार्ट्रिज हा शब्द मी कॉलेजात गेल्यावर ऐकला. आमच्यासाठी ती कॅसेट. हातातला तो रिमोट. टीव्हीच्या मागे वायर खोचून चॅनल लावायचं, मुंग्या जाऊन चित्र येईपर्यंत दादाने खटका फिरवायचा आणि मी "आलं, आलं, गेलं" असं ओरडायचं. चित्र नाहीच आलं तर कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायची. फुंकरीने काही होत नसे, उलट तोंडातल्या ओलाव्याने आतल्या धातूच्या पट्ट्या गंजत; कॅसेट काढून पुन्हा बसवल्याने पट्ट्या नीट टेकत, एवढाच तो चमत्कार. शेजारचे एक काका शाळेच्या खोडरबराने पट्ट्या घासून देत, ते त्यातल्या त्यात शास्त्रशुद्ध. कॉन्ट्रा खेळताना धबधब्याच्या स्टेजला दादा भराभर वर उड्या मारत जायचा, पडदा त्याच्याबरोबर वर सरकायचा आणि खाली राहिलेली मी पडद्याखाली जाऊन मरायचे. दुसऱ्या रिमोटला स्टार्ट आणि सिलेक्टची बटणं नव्हती आणि तो कायम माझ्याकडे असायचा. ते आमच्या घरातलं राजकारण आहे अशी माझी ठाम समजूत होती. मूळ जपानी मशीनच्याही दुसऱ्या रिमोटला ती बटणं नाहीत हे मला तिशी उलटल्यावर कळलं. दादावरचा राग त्यामुळे कमी झालेला नाही, हा भाग वेगळा.

आता या नकलांमध्ये एक गंमत आहे, आणि माझ्या सगळ्या म्हणण्याचा खिळा त्या गमतीत आहे. फॅमिकॉमचं डोकं म्हणजे रिको कंपनीने बनवलेली चिप. तिच्यातच आवाज काढणारा भागही असतो. तैवानच्या यूएमसी कंपनीने तिची नक्कल काढली आणि तशा चिप घातलेली मशीन अर्ध्या जगात गेली. रशियात १९९२ पासून 'डेंडी' नावाने विकलं गेलेलं मशीन याच जातीचं. चिपमध्ये चौकोनी लहरीचा आवाज काढणारे दोन भाग असतात. लहर किती वेळ वर राहते त्यावर आवाजाचा पोत ठरतो: पाव वेळ राहिली की सूर पातळ, नाकातला, निम्मा वेळ राहिली की गोल, भरीव. बऱ्याच नकली चिपमध्ये या दोहोंची अदलाबदल झाली होती. म्हणजे जिथे पातळ सूर हवा तिथे भरीव, आणि उलट. सुरावट तीच, लय तीच, पण गळा दुसऱ्याचा. मी पहिल्यांदा अस्सल जपानी मशीनवर मारिओचं गाणं ऐकलं तेव्हा मला ते चुकीचं वाटलं. मनात आलं, याचा स्पीकर बिघडलाय. आमच्या पाचपाखाडीच्या बैठकीत आम्ही नंतर मुद्दाम दोन्ही मशीन एकापाठोपाठ लावून ऐकली. चाळिशीतल्या सात माणसांनी नकली मशीनचा आवाज 'बरोबर' म्हणून ओळखला. ही काही संशोधनाची रीत नाही, मान्य. पण मग मला सांगा, अस्सल कोणतं? कंपनीच्या दृष्टीने उत्तर उघड आहे. पण ज्या पिढीने मारिओचं गाणं आयुष्यात एकाच गळ्यातून ऐकलं, तिच्या कानात जे बसलंय त्याची नोंद कुठे ठेवायची?

तीच गोष्ट गेमच्या यादीची. या विषयावरचा बहुतेक इतिहास अमेरिकन माणसाने अमेरिकन बालपणावरून लिहिलेला असतो. त्यात रणगाड्यांचा 'बॅटल सिटी' जवळपास नसतोच, कारण नामकोचा १९८५ चा हा गेम त्या मशीनसाठी अमेरिकेत कधी अधिकृतपणे विकलाच गेला नाही. आणि आपल्याकडे? विटांमागचा तो गरुड सांभाळताना चुकून (किंवा 'चुकून') आपल्याच जोडीदाराला गोळी घालून जागच्या जागी थिजवल्यावर झालेली भांडणं ज्याला आठवत नाहीत असा माझ्या वयाचा खेळणारा मला भेटायचाय. 'सर्कस चार्ली'चंही तेच. हे गेम आपल्यापर्यंत आले ते नकली कॅसेटमधून, जपानी बाजारातून थेट, अमेरिकेला वळसा घालून. पार्लरमधल्या मोठ्या मशीनवर तर आपण नावंच बदलली: कॅपकॉमचा १९९३ चा डायनोसॉर आणि मोटारींचा गेम भारतभर 'मुस्तफा' म्हणून ओळखला जातो, त्यातल्या पिवळ्या टोपीवाल्या गड्याच्या नावावरून. ही माहिती जपानच्या कंपनीच्या दप्तरात कशाला असेल?

आता विरोधी बाजूचं जे खरं आहे ते मान्य करायला हवं, आणि ते थोडं नाही. नकली कॅसेट विकून ज्यांनी पैसे केले त्यांनी गेम बनवणाऱ्याला दमडी दिली नाही. ज्याने रात्री जागून ते छोटे रणगाडे रंगवले त्याला ठाण्यातल्या लाखभर दुपारींचा काही मोबदला मिळाला नाही. "आम्ही गरीब होतो, अस्सल परवडत नव्हतं" ही सबब मला अर्धीच पटते. अर्धी पटते कारण ऐपत असलेल्यालाही ते रीतसर विकत मिळण्याची सोय आपल्याकडे फारशी नव्हती. शिवाय फुकटाची सवय वाईट. 'राजी' हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स या छोट्या कंपनीने बनवला आणि २०२० मध्ये प्रसिद्ध केला. तो कुणी पैसे न देता उतरवून घेतला तर नुकसान निन्टेन्डोसारख्या क्योटोतल्या धनाढ्य कंपनीचं होत नाही, पुण्यातल्या दहा-वीस पोटांचं होतं. जुन्या गेमच्या नावाखाली नवे गेम फुकट वाटणारे असतात, आणि ते आमच्यासारख्यांच्या आड लपतात. अमेरिकेत २०२४ मध्ये निन्टेन्डोने 'युझू' या एम्युलेटरवाल्यांवर (एम्युलेटर म्हणजे गेमच्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) दावा लावला आणि तो चोवीस लाख डॉलरवर मिटला. तिथे प्रश्न बाजारात असलेल्या मशीनचा आणि नव्या गेमचा होता. त्या प्रकरणात माझी सहानुभूती बरीचशी कंपनीकडे जाते. मारिओसुद्धा आजही विकत मिळतो. तो फुकट वाटा, असं मी म्हणत नाही.

पण हे सगळं मान्य केल्यावर चोरीच्या मुद्द्यात उरतं काय? चोरी वाईट, कारण तिने कुणाचं तरी जातं. जो गेम कुणी विकतच नाही, ज्याची कंपनी बुडाली, हक्क कुणाकडे आहेत ते वकिलालाही सांगता येत नाही, त्याची एक प्रत कपाटात ठेवल्याने कुणाचं काय जातं? असे गेम अपवादाने असतील असं वाटत असेल तर एक आकडा पाहा. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत असं निघालं की २०१० पूर्वी तिथे प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी सुमारे ८७ टक्के आज बाजारात उपलब्धच नाहीत. हा आकडा त्या देशाचा, जिथे दुकानं आहेत, संग्रहालयं आहेत, खटले लढायला पैसा आहे. आणि जे विकत मिळतं तेही किती दिवस? निन्टेन्डोने आपल्या दोन जुन्या मशीनची ऑनलाइन दुकानं मार्च २०२३ मध्ये बंद केली. तिथे जे काही फक्त डिजिटल रूपात विकलं जात होतं ते त्या दिवसापासून नव्याने घेता येत नाही. व्यापारी तोट्यातलं दुकान चालवत नाही, आणि त्याने चालवावं असं म्हणण्याचा आपल्याला अधिकारही नाही. म्हणूनच जतनाचं काम त्याच्या भरवशावर सोडता येत नाही. नकली मशीनचं तर विचारायलाच नको. ज्याची नक्कल झाली तो तिची आठवण का जपेल? ज्याने नक्कल केली तो केव्हाच दुसऱ्या धंद्याला लागला. मग राहिलं कोण?

नकलांबद्दलचा हा तिटकारा आपल्याला तरी शोभत नाही. ज्ञानेश्वरी सांगितली गेली शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९०. त्या काळचं मूळ लिखित आज कुणाच्या हाती नाही. जे आलं ते नकलांच्या नकला होऊन आलं, आणि नकलाकार माणसंच होती: कुणी शब्द बदलला, कुणी ओळ गाळली, कुणाला स्वतःची ओवी घुसडायचा मोह झाला. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, १५८४ साली, प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि वर बजावून ठेवलं की यापुढे यात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजावं. पुढे इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १९०९ मध्ये, आपल्याला एकनाथांच्याही आधीचा पाठ सापडला म्हणून वेगळी प्रत छापली, आणि पंडितांमध्ये वाद पेटला. या सगळ्या खटाटोपात मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. एकनाथांना पाठ शुद्ध करता आला कारण अशुद्ध प्रती शिल्लक होत्या. कुणी 'नकली आहे, भ्रष्ट आहे' म्हणून त्या नदीत सोडल्या असत्या तर ताडून काय पाहिलं असतं? कुणी म्हणेल, कुठे ज्ञानेश्वरी आणि कुठे कॉन्ट्रा. बरोबर आहे, मी ग्रंथांची तुलना करत नाहीये. प्रती कशा टिकतात त्या रीतीची करतेय, आणि रीत तीच आहे. आजही जगभरचे हौशी लोक कॅसेटमधला मजकूर उतरवून घेतात, त्याला आमच्यात 'डम्प काढणं' म्हणतात, दुसऱ्याच्या डम्पशी बिट न् बिट ताडून पाहतात आणि शुद्ध पाठाच्या याद्या ठेवतात. कुठल्या नकलेत कंपनीचं नाव खोडलंय, कुठे पहिल्याच पडद्यावर तीस लाइफ दिल्यात, याचे पाठभेदही नोंदवतात. हे काम बिनपगारी चालतं, आणि बऱ्याचदा कायद्याच्या कडेवर उभं राहून.

कायद्याची ती कड जरा नीट पाहण्यासारखी आहे. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात कॉम्प्युटर प्रोग्राम हा साहित्यकृतीतच धरला जातो, म्हणजे कागदोपत्री मारिओ आणि कादंबरी एकाच पंगतीला. कलम ५२ मध्ये सवलती आहेत. स्वतः कायदेशीररीत्या मिळवलेल्या प्रोग्रामची खासगी, बिनधंद्याच्या वापरासाठी प्रत काढता येते. म्हणजे आमच्या जपानी कॅसेटवाल्या मित्राने आपल्या कॅसेटचा डम्प काढला तर त्याला या कलमाचा आधार आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक चांगली सवलत आली: नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी एखादी कृती इलेक्ट्रॉनिक रूपात साठवता येते. अट अशी, की त्या ग्रंथालयाकडे तिची 'डिजिटल नसलेली' प्रत आधीपासून असायला हवी. वाळवी लागलेलं नाटकाचं पुस्तक त्यामुळे वाचतं. पण कॅसेट? तिच्या आतली चिप जन्मतःच डिजिटल. ती 'डिजिटल नसलेली प्रत' होणार कशी? कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पुस्तकं होती, त्यात त्यांचा दोष नाही. पण त्या दोन शब्दांमुळे कळव्यापलीकडच्या कार्यवाहांना घाम फुटतो, आणि तो फुटणं रास्त आहे. मागणी मोठी नाही: ते दोन शब्द काढा, आणि जी कृती बाजारात मिळत नाही तिची प्रत ग्रंथालयाच्या आवारात बघू द्या. अमेरिकेत याहून थोडी पुढची मागणी होती, संशोधकांना घरबसल्या दुरून पाहू देण्याची. ती ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली गेली. जपानच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयात मात्र २००० सालापासून गेमही पुस्तकांसारखे जमा होतात. आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने कुठलीही भिकार कादंबरी कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पोचती करावी लागते. भिकार आहे की थोर, हे तिथे कुणी विचारत नाही, आणि विचारू नये हेच त्या कायद्यातलं शहाणपण.

जपानी मशीनवाल्या मित्राचा मुद्दा वेगळा, आणि तो मला सगळ्यात जड जातो. तो म्हणतो, फोनवर एम्युलेटर लावून खेळणं म्हणजे खेळणं नव्हे. यात तथ्य आहे. बदकं मारायचा गेम घ्या. बंदुकीचा चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीच्या नळीतला प्रकाश टिपणारा डोळा तो दिसला की नाही ते सांगतो. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. जुन्या डबा टीव्हीची किरणनळी सिग्नल आल्या क्षणी पडदा रंगवत जाते म्हणून हे जमतं. आजचा चपटा टीव्ही चित्रावर आधी प्रक्रिया करतो, उशिरा दाखवतो, आणि बदक कायमचं अमर होतं. म्हणजे कॅसेटचा मजकूर जपला तरी गेम जपला असं होत नाही. टीव्हीही लागतो, बंदूकही लागते. पूर्णपणे मान्य. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? मित्र काढतो तो असा की म्हणून अस्सल तेवढंच ठेवावं. मला उलट वाटतं: म्हणून टीव्हीही ठेवावा, आणि अस्सलही मरणार आहे हे ओळखून आत्ताच डम्प काढून ठेवावा. त्याच्या जपानी मशीनमधले कपॅसिटर आज ना उद्या फुगतील, ते निदान बदलता येतील. नंतरच्या स्वस्त नकली मशीनमध्ये तर अख्खं मशीन एका चिपमध्ये कोंबून तिच्यावर डांबरासारखा काळा थेंब टाकलेला असतो. तो थेंब एकदा गेला की कुठलाही कारागीर हात टेकतो. आणि ज्या एम्युलेटरला तो नावं ठेवतो, त्यातल्या काहींमध्येच आवाजाची ती नकली अदलाबदल चालू-बंद करायची सोय आहे. आपल्या कानातला मारिओ जर कुठे लिहून ठेवलेला असेल तर तो त्या फुकट प्रोग्रामच्या मेनूतल्या एका खुणेत.

राहिला तो 'याहून महत्त्वाची कामं आहेत' हा आक्षेप. वाचनालयांची छपरं गळतायत, ग्रंथपालांचे पगार थकतायत, गडांचे बुरूज ढासळतायत आणि तुम्हाला खेळण्यांचं पडलंय. या वाक्यापुढे कुणीही ओशाळतो, मीही ओशाळते. पण हेच वाक्य सिनेमाबद्दल बोललं गेलं असणारच. 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट १४ मार्च १९३१ ला मुंबईत लागला आणि आज त्याची एकही प्रत हाती नाही. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं १९६४ मध्ये, म्हणजे तेहतीस वर्षांनी. पी. के. नायर यांनी तिथे मिळेल ते रीळ गोळा केलं, चांगला सिनेमा आणि टाकाऊ सिनेमा असा भेद न करता, आणि फाळक्यांचं जे काही आपण पाहू शकतो त्याचं बरंचसं श्रेय त्या हव्यासाला आहे. ती तेहतीस वर्षं कोण परत देणार? आणि खर्च म्हणाल तर १९८५ चा मारिओ चित्रांसकट चाळीस किलोबाइट भरतो. व्हॉट्सॲपवर रोज येणारं गुलाबाच्या फुलाचं 'सुप्रभात' त्याहून जड असतं. आमची अख्खी गोणी एका पेन ड्राइव्हच्या कोपऱ्यात मावेल. पैसा मागतच नाही आहोत, एक कपाट आणि एक निर्धास्त होकार मागतोय. आमच्या शहरात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली निघालं. कादंबऱ्या वाचून पोरं बिघडतात असं म्हणणारे तेव्हाही कमी नसणार.

बाकी हा सगळा नॉस्टॅल्जिया आहे, हे कबूल. आमच्यातले निम्मे त्यासाठीच येतात आणि तिसऱ्या स्टेजला 'आमच्या वेळी' सुरू होतं. पण मागच्या महिन्यात यजमानांची अकरा वर्षांची भाची 'बॅटल सिटी'त स्वतःची स्टेज बांधत दीड तास बसली होती. गरुडाभोवती तिने पाण्याचा खंदक केला. तिला कसली आली नव्वदच्या दशकाची आठवण?

गोणीची किंमत शोधणाऱ्याचं मात्र एकदम मिटलं. नकली कॅसेटला बाजारात भाव नाही.

चौसष्टपैकी एकेचाळीस कॅसेट सुरू झाल्या. तेवीस गेल्या; त्यातल्या सतरांवर तो काळा थेंब आहे. सुरू झालेल्यांचे डम्प काढायचं काम रविवारी थोडं थोडं चाललंय, कॅसेट कुणाच्या ते ज्याच्या घरी गोणी आहे त्याच्या नावावर लिहितोय, कारण ग्रंथालयाच्या नावावर लिहिता येत नाही. परवा आरपार दिसणाऱ्या हिरव्या कॅसेटची पाळी आली. तिच्यावर छापील कागद नव्हताच, वहीच्या कागदाचा चौकोन चिकटवलेला आणि त्यावर दुकानदाराच्या अक्षरात, निळ्या बॉलपेनने: 'दोघांसाठी चांगला. ३ नं. अडकतो.' आम्ही लावून पाहिली. यादीतला तिसरा गेम निवडला, नावाचा पडदा आला, गाणं सुरू झालं, आपल्या त्या भरीव गळ्यात, आणि चौथ्या-पाचव्या सुरावर अडकून तो एकच सूर कुणीतरी बटण बंद करेपर्यंत वाजत राहिला.